मदत हवी आहे: बेळगावात चार दिवस स्वतः चालवायला गाडी हवी, पण मिळतेय ती पांढऱ्या बोर्डाची

हलशीकडचा

नमस्कार मंडळी,

मार्गशीर्षातल्या पुनवेच्या आसपास चार दिवस गावी येतोय. गाव खानापूर तालुक्यात, हलशी-नंदगडच्या बाजूला. पुण्याहून रात्रीच्या गाडीनं बेळगाव स्टेशनला उतरू. सोबत वडील (वय ७४, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं), बायको आणि दोन मुलं. माझी स्वतःची गाडी गेल्या महिन्यात विकली, नवी अजून आलेली नाही, म्हणून हा सगळा उद्योग.

फिरणं असं आहे: पहिला दिवस गावी. दुसऱ्या दिवशी सौंदत्तीला यल्लम्मा. वडिलांचा नवस आहे, त्यात बदल नाही. तिसऱ्या दिवशी मुलांना गोकाकचा धबधबा आणि झुलता पूल. चौथ्या दिवशी चंदगडला आत्याकडे जेवण आणि संध्याकाळी परत बेळगाव.

गावातल्या एकाच्या ओळखीनं टिळकवाडीत एक जण गाडी द्यायला तयार आहे. केए-२२ पासिंग, सात सीटर, तीन वर्षं जुनी. दिवसाला २,२०० रुपये, ३०० किलोमीटरपर्यंत, पुढे किलोमीटरला ९. डिझेल आपलं. भाव ठीक वाटला. पण फोनवर तीन गोष्टी सांगितल्या, त्या घशाखाली उतरत नाहीत.

एक, ओरिजिनल लायसन्स त्याच्याकडे ठेवायचं, मी झेरॉक्सवर चालवायची. दोन, सही केलेला कोरा चेक. तीन, वाटेत पोलिसांनी अडवलं तर 'मित्राची गाडी आहे' म्हणायचं. गाडीला पांढरा बोर्ड आहे.

मागे एका दुसऱ्या शहरात अशीच गाडी घेतली होती. परत देताना दाराखालचा एक ओरखडा दाखवून अनामतीतले ६,००० कापले. ओरखडा माझा नव्हता, पण फोटो काढले नव्हते, मग बोलणार काय? म्हणून यावेळी आधीच विचारतोय. ही गाडी घ्यावी का? की ड्रायव्हरसकट टॅक्सीच बरी? चंदगडसाठी हद्द ओलांडायची म्हणजे आणखी काही कागद लागतात का? एक मित्र म्हणतो कोल्हापुरातून एमएच-०९ची गाडी घे. ते कितपत शहाणपणाचं?

काळी_पाटी

घेऊ नका, आधी एवढंच सांगतो. आता कारण.

स्वतः चालवायला भाड्यानं द्यायच्या गाडीला काळी पाटी आणि पिवळे आकडे असतात. ड्रायव्हरसकट टॅक्सीला पिवळी पाटी, काळे आकडे. पांढरी म्हणजे खासगी, ती भाड्यानं देताच येत नाही. काळ्या पाटीचा परवाना १९८९च्या रेंट-अ-कॅब योजनेखाली मिळतो आणि त्यासाठी किमान ५० गाड्या असाव्या लागतात. घरची एक गाडी देणारा माणूस त्यात कधीच बसत नाही. म्हणून तो 'मित्राची' म्हणायला शिकवतोय.

पोलिसांचं सोडा, खरं दुखणं विम्याचं आहे. खासगी गाडीच्या पॉलिसीत 'लिमिटेशन्स ॲज टू यूज' असा एक परिच्छेद असतो, तो कुणी वाचत नाही. भाड्यासाठी गाडी वापरली तर विमा लागू नाही असं त्यात असतं. म्हणजे उद्या बैलहोंगलच्या वाटेवर उसाच्या ट्रॉलीला घासली, तर कंपनी गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारू शकते. मग मालक काय करणार? तुमचा कोरा चेक बँकेत. तो चेक नेमका त्याच दिवसासाठी मागितलाय. माणूस जखमी झाला तर प्रकरण आणखी लांबतं. कंपनीनं आधी भरपाई द्यावी आणि मग मालकाकडून वसूल करावी, असे आदेश कोर्टं देतात, आणि चालवणारा म्हणून तुमचंही नाव त्या कागदावर असतंच.

दंडही साधा नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२ ए खाली, परमिटशिवाय गाडी अशी वापरली तर पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. कलमात गाडी चालवणारा आधी येतो, वापरू देणारा नंतर.

वडगावकर

ओ पाव्हणं, बेळगावात असली गाडी गल्लोगल्ली मिळत्या, सगळ्यांनाच ठाऊक हाय. आमच्या शेजारचाबी देतो. काय होत नाही, काय होत नाही म्हणतात आणि होतंय तेव्हा हात वर करतात.

लायसन्स तेवढं देऊ नका की. वाटेत विचारलं तर काय दाखवणार, झेरॉक्स?

आणि डिसेंबरात येताय म्हणून सांगतो, कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन हलग्याच्या सुवर्ण विधानसौधात भरलं की लॉज आणि टॅक्सी सगळं फुल्ल. तारीख जुळली तर गाडी आजच सांगून ठेवा. हायवेला तिथंच बंदोबस्त असतो, मोर्चे असतात. सौंदत्तीला जायचं तर सकाळी लवकर निघून पुढं काढा.

हलशीकडचा

@काळी_पाटी, चेकचं असं डोक्यातच आलं नव्हतं. मी समजत होतो गाडी पळवून नेऊ नये म्हणून मागतोय. गाडी खरोखर कुठल्या प्रकारात नोंदलीय ते आधी कळायची सोय आहे का? की बोर्ड बघण्यापलीकडे उपाय नाही?

काळी_पाटी

आहे. एम-परिवहन ॲपवर नंबर टाका. 'मोटार कार' असं आलं तर खासगी, 'मोटार कॅब' आलं तर भाड्याची. विमा आणि पीयूसी कधी संपतात तेही तिथेच दिसतं. मालकानं नंबर आधी द्यायला का-कू केली तर उत्तर मिळालंच समजा.

लायसन्स डिजिलॉकरमध्ये घाला, ते पोलिसांना चालतं. ओरिजिनल कुणाच्या ड्रॉवरात ठेवायची गरजच नाही. आधार मागितलं तर मास्क्ड आधार द्या, फक्त शेवटचे चार आकडे दिसतात.

शिनोळी_फाटा

हद्दीचं मी सांगतो, रोज ओलांडतो. वेंगुर्ला रोडनं निघालात की शिनोळीलाच महाराष्ट्र लागतो, बेळगावहून जेमतेम पंधरा किलोमीटर. नवख्याला कळतसुद्धा नाही. दुकानांच्या पाट्या बदलतात, एवढंच.

खासगी गाडीला तिथे कसलाच वेगळा कागद नको. पिवळ्या किंवा काळ्या पाटीला मात्र परमिट बघा. ऑल इंडिया टूरिस्ट परमिट असेल तर प्रश्न नाही, एप्रिल २०२१पासून त्याचं एकच देशभराचं शुल्क आहे. फक्त कर्नाटकाचं परमिट असेल तर महाराष्ट्राचा चेकपोस्ट टॅक्स परिवहनच्या पोर्टलवर आधी भरावा लागतो. बरेच ड्रायव्हर निघताना बोलत नाहीत आणि हद्दीजवळ आल्यावर 'साहेब, टॅक्सचं बघा' म्हणतात. ठरवतानाच विचारा: परमिट कुठलं, आणि चंदगडचा टॅक्स भाड्यात धरलाय की वेगळा?

एमएच-०९चं म्हणाल तर एरवी रोज शेकड्यानं एमएच गाड्या बेळगावात येतात, कुणी ढुंकून बघत नाही. पण डिसेंबर २०२२ला हिरेबागेवाडी टोलजवळ महाराष्ट्र पासिंगच्या ट्रकांवर दगड पडले ते आम्ही विसरलो नाही. सीमाप्रश्न तापला की आधी एसट्या थांबतात, मग एमएच गाड्यांचे मालक गाडी अंगणात ठेवतात. वडील सोबत आहेत, आणि कोल्हापुरापर्यंत गाडी आणायला-सोडायला जाण्यात दोन अर्धे दिवस जातील. नको तो व्याप.

मुक्काम_खानापूर

एक वेगळी बाजू मांडतो. तुम्हाला चारही दिवस स्वतः चालवायचंय कशाला?

पुनवेच्या आसपास सौंदत्तीचा डोंगर म्हणजे काय असतो ते एकदा आठवा. कोल्हापूर-सांगलीकडच्या एसट्या, ट्रॅक्टर, बैलगाड्या सगळं एकाच रस्त्यावर. जोगुळभावीला स्नान करून वर जाणारे वेगळे. गाडी लावायला जागा मिळेपर्यंत वडिलांना एवढं अंतर चालवणार आहात का? ड्रायव्हर असला तर तुम्ही सगळे देवळाजवळ उतरता, तो गाडी घेऊन खाली जातो आणि फोन केला की वर येतो. गेल्या साली आमच्या आईला असंच नेलं. हाच एक मुद्दा मला बाकी सगळ्या हिशेबापेक्षा मोठा वाटतो.

गावी पहिल्या दिवशी चारचाकी लागतच नाही, स्टेशनवरून सोडून गेली की झालं. गोकाक आणि चंदगड दिवसाच्या भाड्यानं. फक्त ड्रायव्हरचा भत्ता, मुक्काम असेल तर त्याच्या झोपायची सोय आणि किलोमीटर गॅरेजपासून मोजणार की तुमच्या दारापासून, हे तिन्ही व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.

गोकाकला डिसेंबरात पाणी बेताचंच असतं बरं का. पोरांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर पुलावर उभं राहून 'धबधबा कुठाय' विचारतील. गोकाकची ती सुकामेव्याची मिठाई, करदंट, मिळाला की गप्प होतील.

पुणे_बेळगाव_पुणे

तरीही स्वतःच चालवायची असेल तर काळ्या पाटीचीच घ्या, आणि घेताना गाडीभोवती फिरून एकच सलग व्हिडिओ करा. चारी चाकं, काचा, टप, दाराखालचा पत्रा, डिझेलचा काटा, किलोमीटर, स्टेपनी. मालकाचा आवाज त्यात आला पाहिजे. तो तिथल्या तिथे त्याला पाठवा. परत देतानाही तसंच. तुमचे ते ६,००० अशानं वाचले असते.

फास्टॅग मालकाचा असतो, टोल मागाहून मागतात, तेव्हा बाहेर पडतानाच शिल्लक बघून घ्या. आणि तो टोलचा वार्षिक पास आहे, तो फक्त बिगरव्यावसायिक खासगी गाड्यांना. कुणी काळ्या पाटीची गाडी 'पासवाली आहे, टोल नाही' म्हणून देत असेल तर हसून पुढे जा.

हलशीकडचा

सगळ्यांचे मनापासून आभार. @मुक्काम_खानापूर, वडिलांना तुमचं वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मी केव्हापासून हेच सांगतोय, तुला चालवायची हौस." म्हणजे घरातही निकाल लागला. सौंदत्ती, गोकाक आणि चंदगडला पिवळ्या पाटीची, ड्रायव्हरसकट. ऑल इंडिया परमिटवाली एक मिळालीय, नंबर ॲपवर टाकून बघितला, 'मोटार कॅब'च आहे. दाराखालचा पत्रा मी तरीही बघणार.

टिळकवाडीच्या मालकाला नको म्हणून कळवलं. चेकचं कारण सांगितलं नाही, वडिलांच्या गुडघ्यावर ढकललं. माणूस चिडला नाही. म्हणाला, "मग ड्रायव्हर देतो की. पाचशे जास्त."

गाडी कुठली म्हणून विचारलं. तीच.