मदत हवी आहे: मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी खासगी विद्यापीठात सीट धरून ठेवू की कॅपची (सरकारी प्रवेश फेऱ्यांची) वाट पाहू?

नमस्कार. आम्ही धायरीत राहतो. मिस्टर भोसरीला एका कंपनीत मशीन शॉपला आहेत, मी घरी शिवणकाम करते. दोघांचं मिळून वर्षाचं उत्पन्न साडेसहा लाखांच्या आसपास जातं. लेकीला एमएचटी-सीईटीला ९१ पर्सेंटाइल पडले. आम्ही ओबीसी. तिला कॉम्प्युटरच करायचं आहे, दुसरं काही ऐकून घेत नाही.

मागच्या रविवारी पुण्याजवळचं एक खासगी विद्यापीठ बघून आलो. नाव लिहीत नाही. कॅम्पस बघून लेक हरखून गेली, आणि खरं सांगते, मीही. फी वर्षाला साडेतीन लाख. तिथल्या काउन्सेलर मॅडम म्हणाल्या की सरासरी पॅकेज साडेआठ लाखांचं आहे, एका मुलाला तर बेचाळीस मिळालं. शुक्रवारपर्यंत पन्नास हजार भरले तर सीट पक्की आणि पहिल्या वर्षी वीस टक्के स्कॉलरशिप. मी विचारलं, मुलींची फी सरकारने माफ केलीय ना? त्यावर म्हणाल्या, "ते प्रोसेसमध्ये होऊन जाईल, तुम्ही आधी सीट घ्या."

त्या उत्तरापाशीच मी अडकले आहे. मिस्टर म्हणतात, सासवडजवळचा दोन गुंठ्यांचा प्लॉट विकू, पोरीच्या शिक्षणापुढे मागंपुढं बघायचं नाही. त्यांची माया मला कळते. पण घरात या वाटेने गेलेलं कुणी नाही, विचारायचं कुणाला? फी माफी तिथे मिळते का, पॅकेजचे आकडे कितपत धरायचे आणि शुक्रवारी पैसे भरू की नको, एवढं सांगा. कुणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा.

प्रतिसाद १
ताई, फी माफीचं आधी सांगतो, कारण तुमच्या बाबतीत सगळा हिशोब तिथेच फिरतो. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. पण प्रवेश कॅपमधून, म्हणजे सीईटी सेलच्या केंद्रीभूत फेऱ्यांतून झालेला हवा. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्यातून स्पष्ट वगळलेली आहेत. मॅनेजमेंट कोट्यालाही, म्हणजे संस्था स्वतः भरते त्या जागांनाही, माफी मिळत नाही. म्हणजे "प्रोसेसमध्ये होऊन जाईल" असं त्यात काहीच नाही.

तुमची तुलना साडेतीन लाख विरुद्ध दुसऱ्या कॉलेजचे दीड-दोन लाख अशी नाहीच. एकीकडे साडेतीन लाख आणि दुसरीकडे डेव्हलपमेंट फी, बसचा पास, पुस्तकं. माफीसाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर दरवर्षी अर्ज करावा लागतो, तो चुकवू नका.

९१ वर काय मिळेल ते कुणाच्या अंदाजावर सोडू नका. सीईटी सेलच्या साइटवर गेल्या वर्षीच्या सगळ्या फेऱ्यांचे कटऑफ आहेत. त्यात एलओबीसीएच अशी अक्षरं दिसतील: एल म्हणजे मुलींच्या जागा, शेवटचा एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, आपल्याच विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांच्या जागा. फक्त ओपनचा आकडा बघून बरेच पालक उगाच खचतात. शिवाय टीएफडब्ल्यूएस म्हणून शिक्षण शुल्क माफ असलेल्या पाच टक्के जादा जागा असतात, त्याही आठ लाखांच्या आतल्यांसाठी. ऑप्शन फॉर्ममध्ये त्याही भरा.

प्रतिसाद २
हिंजवडीत कॅम्पस भरतीचं काम करते, म्हणून पॅकेजबद्दल लिहिते. सरासरी विचारूच नका, मेडियन, म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा विचारा. समजा पाच मुलांना ४, ४, साडेचार, ५ आणि ४० लाख मिळाले. सरासरी निघते साडेअकरा लाख आणि मधला मुलगा घेतोय साडेचार. तुमची लेक त्या मधल्या मुलाच्या जागी असण्याची शक्यता जास्त. ती हुशार नाही असं म्हणत नाही, पण पैसे लावताना तोच आकडा धरायचा.

हा आकडा शोधायला कुणाच्या पाया पडावं लागत नाही. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या रँकिंगसाठी संस्था जी माहिती भरतात, ती त्यांना स्वतःच्या साइटवर ठेवावी लागते. चार वर्षांच्या पदवीचा तक्ता उघडा. किती जणांनी प्रवेश घेतला, किती वेळेत पास झाले, किती जणांना नोकरी लागली, मेडियन पगार किती, पुढे शिकायला किती गेले, सगळं ओळीने असतं. आधी प्रवेश घेतलेले आणि वेळेत पास झालेले यांच्यातली तफावत बघा. जाहिरातीत ती कधीच नसते. तक्ता पूर्ण संस्थेचा असतो, एकट्या कॉम्प्युटरचा नाही, हे ध्यानात ठेवा. संस्था एनआयआरएफमध्ये नसेलच तर गेल्या वर्षीची शाखावार यादी लेखी मागा.

आणि सीटीसी, म्हणजे सांगितलं जातं ते पॅकेज, हातात येणारा पगार नव्हे. कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी, व्हेरिएबल (कामगिरीवर ठरणारा भाग), कधी एकदाच मिळणारा जॉइनिंग बोनस, सगळं त्यात मोजतात. साडेचार लाखांच्या पॅकेजमध्ये महिन्याला साधारण बत्तीस हजार घरी येतात.

प्रतिसाद ३
माझा मुलगा एका खासगी विद्यापीठातून गेल्या वर्षी बाहेर पडला. तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. आम्हीही पहिल्या वर्षाची फी गुणिले चार असाच हिशोब केला होता. फी दरवर्षी वाढली, आणि स्कॉलरशिप दुसऱ्या वर्षी गेली, कारण सीजीपीएची (परीक्षेतल्या सरासरी गुणांकाची) अट होती. ती अट आम्ही वाचलीच नव्हती.

तुमचे आकडे मांडून बघतो. साडेतीन लाखांवर दरवर्षी दहा टक्के वाढ धरली तर चार वर्षांचे सोळा लाख चोवीस हजार होतात. स्कॉलरशिपचे सत्तर हजार वजा केले तरी साडेपंधरा. लॅपटॉप, बस, जेवण वेगळं. साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला बँका सहसा तारण मागतात. पीएम-विद्यालक्ष्मी या केंद्राच्या शैक्षणिक कर्ज योजनेत तारण आणि जामीनदार लागत नाही, पण ती योजना ठरावीक वरच्या संस्थांपुरती आहे, तुमची संस्था त्यात आहे का ते आधी बघा. दहा लाख, दहा टक्के व्याज, दहा वर्षं: हप्ता तेरा हजार दोनशेच्या वर. शिकत असताना साठणारं व्याज त्यात नाही. वर ताईंनी सांगितलेले बत्तीस हजार त्याच्या शेजारी ठेवून बघा. माझा मुलगा आज तेच करतोय. नोकरी आहे, पोरगं कष्टाळू आहे, पण घरी पैसे पाठवता येत नाहीत म्हणून त्याला लागून राहतं.

दादांना सांगा, प्लॉट विकायची घाई नको. तो कॅपनंतरही विकता येईल.

प्रतिसाद ४
थोडी दुसरी बाजू. मी खासगी विद्यापीठातच डिझाइन शिकले आणि मला पश्चात्ताप नाही. मला हवा तो विषय तेव्हा इतरत्र नव्हता, शिक्षक चांगले भेटले. सगळ्यांना एकाच मापाने मोजू नये. पण कॉम्प्युटर इंजिनिअरिंग पुण्यात गल्लोगल्ली आहे, त्यासाठी एवढे पैसे मीही मोजले नसते.

पैसे भरलेच तर पावती आणि परताव्याचा नियम लेखी घ्या. यूजीसीच्या २०२४-२५ च्या धोरणात ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केल्यास पूर्ण फी आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत फार तर हजार रुपये कापून बाकीची परत, असं होतं. यंदाचं पत्रक बघून घ्या. मूळ कागदपत्रं मात्र कुणाकडेही ठेवायला देऊ नका. ती अडकवून ठेवण्याचा अधिकार संस्थेला नाही.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मी आणि लेक जेवणं उरकून बसलो. तिनेच तो तक्ता शोधून काढला. वेळेत पास झालेल्यांपैकी जेमतेम निम्म्या मुलांना नोकरी लागलेली दिसली, आणि मेडियन आम्हाला सांगितलेल्या सरासरीच्या जवळजवळ निम्मा. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "आई, बाबांचा प्लॉट नको विकायला." मी तिला सांगितलं, तू वाईट वाटून घेऊ नकोस, तू काही चुकीचं मागितलं नव्हतंस.

काउन्सेलर मॅडमना मी मेल केला: फी माफी लागू आहे का, चार वर्षांची फी किती आणि स्कॉलरशिपची अट काय, हे लेखी द्या. उत्तरात परत शुक्रवारची आठवण आणि पैसे भरायची लिंक आली. आम्ही भरत नाही आहोत. मिस्टर अजून थोडे धास्तावलेले आहेत, कॅपमध्ये काहीच लागलं नाही तर काय म्हणून. त्यांना कटऑफचे कागद प्रिंट काढून दिलेत, कंपनीच्या बसमध्ये वाचतायत.

आता एकच अडचण. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर आहे, पण जात वैधता अजून आलेली नाही. विश्रांतवाडीच्या समितीकडे अर्ज केलेला आहे, पावती जवळ आहे. कॅपच्या कागदपत्र तपासणीत ती पावती चालवून घेतात का, आणि मूळ प्रमाणपत्र कधीपर्यंत द्यावं लागतं? गेल्या वर्षी कुणी असं केलं असेल तर सांगा, सोमवारी आमची तपासणी आहे.