कुवेत: देश कसा आहे, माणसं कशी, राज्य कसं चालतं? (अनुभव धागा)

आखातातून माणूस सुट्टीवर गावी आला की त्याला दोनच गोष्टी विचारतात: पगार किती आणि उन्हाळा किती. कुवेतमध्ये दहा लाखांच्या आसपास भारतीय राहतात. परदेशी लोकांमधला सगळ्यात मोठा गट आपलाच. तरी ज्या देशात आपली माणसं आयुष्याची उमेदीची वर्षं घालवतात, त्या देशाबद्दल मराठीत फार थोडं लिहिलं गेलंय, याची मला मनापासून खंत वाटते.

क्षेत्रफळ 17,818 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याहून थोडंसंच जास्त. उत्तरेला आणि पश्चिमेला इराक, दक्षिणेला सौदी, पूर्वेला आखात. लोकसंख्या पन्नास लाखांच्या जवळ, त्यात नागरिक साधारण तीस टक्के. 1961 च्या जूनमध्ये ब्रिटिशांचं संरक्षण संपलं, तेव्हापासून स्वतंत्र. राज्य अल सबाह घराण्याचं.

तिथे राहिलेल्या, राहत असलेल्या सगळ्यांनी लिहावं. ऐकीव नको, स्वतः पाहिलेलं हवं. बरं-वाईट दोन्ही चालेल.

———

सर्व्हेचं काम, मुक्काम जाहरा

भूगोलापासून सुरुवात करतो, माझा रोजचा संबंध त्याच्याशीच आहे.

या देशात एकही नदी नाही, तळं नाही, डोंगर म्हणावा असा डोंगर नाही. पश्चिमेकडे जमीन हळूहळू चढत जाते, तीही तीनशे मीटरच्या आसपास थांबते. खाडीच्या उत्तरेला मुतलाचा कडा आहे, तिथे चढलात की सगळी कुवेतची खाडी दिसते. वाळूचे मोठाले ढिगारे मनात असतील तर ते विसरा. बहुतेक जमीन खडीसारखी कडक आणि सपाट आहे. त्यावर अरफज नावाचं बुटकं झुडूप येतं, पाऊस बरा झाला तर त्याला पिवळी फुलं येतात. तेच इथलं राष्ट्रीय फूल.

21 जुलै 2016 ला वायव्येच्या मित्रिबा केंद्रावर 53.9 अंश नोंदले गेले. जागतिक हवामान संघटनेने तपासून मान्य केलेला आशियातला हा उच्चांक. त्या दिवसांत दुर्बिणीच्या धातूला उघडा हात लावायची सोय नसते, म्हणून आमचं काम पहाटे सुरू होतं. 1 जून ते 31 ऑगस्ट सकाळी अकरा ते दुपारी चार उघड्यावर काम करायला कायद्याने बंदी आहे. मोठ्या साइटवर ती पाळली जाते. छोट्या ठेकेदारांकडे नेहमीच पाळली जाते असं मला म्हणता येणार नाही.

पण उन्हापेक्षा मला धूळ जास्त कठीण वाटते. वायव्येकडून ‘शमाल’ सुटला की दुपारी आकाश नारिंगी होतं, समोरची गाडी दिसत नाही, विमानं थांबतात.

पाऊस वर्षाला जेमतेम शंभर-सव्वाशे मिलिमीटर. तो कधी कधी एकदम पडतो. नोव्हेंबर 2018 मध्ये रस्ते उखडले, भुयारी मार्ग भरले आणि सार्वजनिक बांधकाम मंत्र्यांनी राजीनामा दिला. राजेशाहीत रस्त्यावरच्या पाण्यावरून मंत्री जातो, हे मला त्या वेळी नवीन होतं. त्यामागचं कारण धाग्यात कुणी तरी सांगेलच.

हिवाळा मात्र सुंदर असतो. पालिकेचा परवाना काढून कुवेती कुटुंबं वाळवंटात तंबू ठोकतात. शनिवार-रविवारसारखं नव्हे, आठवडेच्या आठवडे. रात्री पारा चार-पाच अंशांवर येतो. शेकोटी, चहा, उंटाचं दूध, आणि अनोळखी माणसालाही हाक मारून बसवणं. या लोकांचा जीव अजून वाळवंटात आहे, हे तिथे कळतं.

———

मडगाव, वडिलांचं बालपण अहमदीत

आमच्या घरात कुवेत म्हणजे अहमदी. बुरगानचं तेलक्षेत्र 1938 साली सापडलं, युद्धामुळे काम थांबलं आणि पहिलं तेलाचं जहाज 1946 च्या जूनमध्ये सुटलं. त्यानंतर तेल कंपनीने वाळवंटातल्या एका उंचवट्यावर हे गाव वसवलं. माझे आजोबा तिथे कारकून होते. त्या काळात गोंयकार कारकून, स्वयंपाकी, वाद्यवृंदवाले असे बरेच होते.

गावाची आखणी इंग्रजांच्या पद्धतीची: झाडं, बागा, बंगले. पण साहेबांची घरं एका बाजूला, भारतीय-पाकिस्तानी नोकरांची दुसरीकडे आणि अरब कामगारांची वस्ती वेगळीच. वडील सांगतात, पगाराच्या चिठ्ठीपेक्षा घर कुठल्या भागात मिळालं यावरून माणसाची पायरी कळायची.

तिथलं ‘अवर लेडी ऑफ अरेबिया’ चर्च आमच्या कुटुंबाच्या जिव्हाळ्याचं. शहरातल्या कॅथेड्रलमध्ये आजही कोंकणीत मिस्सा होते. इस्लाम राज्यधर्म असलेल्या देशात अमिराने, म्हणजे तिथल्या राजाने, चर्चला जमीन दिली, हे गोव्यात सांगितलं तर पटकन खरं वाटत नाही. हिंदूंना मात्र सार्वजनिक देऊळ नाही. शेजारच्या मराठी घरातला गणपती दार लावूनच बसायचा. आरतीला आम्हीही जायचो.

———

परिचारिका, सरकारी रुग्णालय

माणसांबद्दल मी लिहिते. मी सांगलीची.

इथे रुग्ण एकटा नसतोच. संध्याकाळी भेटीची वेळ झाली की मुलं, सुना, नातवंडं, थर्मासभर कॉफी, खजूर, आणि खोलीचीच दिवाणिया होते. दिवाणिया म्हणजे घराला लागून असलेली पुरुषांची बैठक. जवळजवळ प्रत्येक मोठ्या घराची असते आणि ठरलेल्या रात्री दार उघडं. लग्नाची बोलणी, धंदा, राजकारण सगळं तिथेच.

वयस्क रुग्ण मला विचारतात, “बंबई?” मी मान हलवली की चेहरा खुलतो. तेल सापडण्याआधी हा देश मोत्यांवर आणि जहाजांवर जगत होता. उन्हाळ्यात मोती काढायचे, मग बसऱ्याचा खजूर भरून ‘बूम’ जातीची गलबतं कराचीला, मुंबईला, मलबारला जायची आणि सागवान, मसाले, कापड घेऊन परतायची. जहाजाचं लाकूडही मलबारचंच. पिण्याचं पाणीसुद्धा इराकच्या शत अल अरब नदीतून होड्यांनी यायचं. जपानच्या कृत्रिम मोत्यांनी 1930 च्या सुमारास तो धंदा बसवला. चलन होतं आपला रुपया. दिनार आला 1961 मध्ये. एका आजोबांनी मला मुंबईतल्या भेंडी बाजाराच्या गल्ल्या क्रमाने सांगितल्या होत्या. त्यांच्या वडिलांची तिथे पेढी होती.

तरुण पिढीला हे फारसं माहीत नाही. त्यांच्यासाठी भारतीय म्हणजे ड्रायव्हर, मोलकरीण, नर्स, फार तर इंजिनीयर. आजोबा मला नावाने, प्रेमाने हाक मारतात आणि नातू “ए सिस्टर” म्हणून बोट दाखवतो. एकाच खोलीत हे दोन्ही पाहते, तेव्हा वाईट वाटतं.

———

पाण्याचा प्रश्न आलाच आहे म्हणून थोडक्यात

नळाला येणारं जवळजवळ सगळं पाणी समुद्राचं, गोडं केलेलं. 1953 पासून हे चालू आहे. प्रसिद्ध कुवेत टॉवर्सच्या दोन मोठ्या गोलांतही पाणी साठवलेलं असतं. गोडं पाणी आणि वीज एकाच प्रकल्पात तयार होतात, म्हणून उन्हाळ्यात एसीचा भार वाढला की सगळ्यावरच ताण येतो. 2024 च्या जूनमध्ये तर वेळापत्रक लावून भारनियमन करावं लागलं. तेलावर तरंगणाऱ्या देशात! मी वीजनिर्मितीतच आहे, आणि हे व्हायला नको होतं असं माझं स्पष्ट मत आहे.

———

बँकेत नोकरी, शर्क

सर्व्हेवाल्या दादांनी मंत्र्याच्या राजीनाम्याचं विचारलंय. त्याचं उत्तर 1962 च्या संविधानात आहे.

अमीर अब्दुल्ला अल सालेम यांच्या काळात ते झालं. अमीर हा अल सबाह घराण्यातले जुने शासक मुबारक अल कबीर यांच्याच वंशातला असला पाहिजे असं त्यात लिहिलंय, पण सोबत पन्नास निवडून दिलेल्या सदस्यांच्या मजलिसची, म्हणजे संसदेची, तरतूदही आहे. 1963 मध्ये पहिली निवडणूक झाली. पंतप्रधान अमीर नेमतो. मंत्र्याला सभागृहात उभं करून जाब विचारायचा अधिकार मात्र सदस्यांना होता, आणि तो ते भरपूर वापरत. जाब टाळायला मंत्री आधीच राजीनामा देत. शेजारच्या राजेशाह्यांमध्ये सभागृहाला इतकं बळ नव्हतं.

राजकीय पक्षांना कायद्याची मान्यता नाही, म्हणून प्रचार दिवाणियांतून. निवडणुकीच्या दिवसांत ऑफिसातले कुवेती सहकारी रात्री दहा-दहा दिवाणिया फिरून सकाळी तांबारलेल्या डोळ्यांनी यायचे. बायकांना मताचा हक्क 2005 मध्ये मिळाला, 2009 मध्ये चार जणी निवडून आल्या. 2006 च्या जानेवारीत तर आजारी अमीर शेख साद यांना मजलिसने मतदान करून पदावरून दूर केलं आणि शेख सबाह अल अहमद गादीवर आले.

ही एक बाजू. दुसरी अशी की मजलिस 1976 मध्ये आणि 1986 मध्ये बरखास्त होऊन वर्षानुवर्षं बंद होती. आताचे अमीर शेख मिशाल डिसेंबर 2023 मध्ये आले आणि 10 मे 2024 ला त्यांनी ती पुन्हा बरखास्त केली, संविधानातली काही कलमं चार वर्षांपर्यंत स्थगित केली. माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, बरं झालं, भांडणात दहा वर्षं फुकट गेली, दुबई-दोहा कुठल्या कुठे गेले. समोरच्या टेबलावरची सहकारी काहीच बोलली नाही. तिची आई लग्नामुळे नागरिक झालेली, आणि त्यानंतर हजारो लोकांचं नागरिकत्व काढून घेतलं गेलं, त्यात लग्नाने आलेल्या बायकाच पुष्कळ.

शिवाय ‘बिदून’ आहेत, पिढ्यान् पिढ्या इथेच राहूनही कुठल्याच देशाचे नसलेले. कुवेतचा कारभार समजून घ्यायचा तर राजवाड्याइतकंच नागरिकत्वाच्या कायद्याकडे बघावं लागतं. कोण आतला आणि कोण बाहेरचा, हा तिथला सगळ्यात मोठा राजकीय प्रश्न आहे असं मला वाटतं.

———

चिपळूण, वय सत्तरीपुढे

आमचं फहाहीलला दुकान होतं. 2 ऑगस्ट 1990 ला पहाटे आवाज आले ते आम्हाला गडगडाटासारखे वाटले. दुपारपर्यंत रस्त्यावर इराकी रणगाडे. त्याच महिन्यात सांगण्यात आलं की कुवेत आता इराकचा एकोणिसावा प्रांत. कुवेती दिनार इराकी दिनाराच्या बरोबरीचा केला, म्हणजे साठवलेलं सगळं एका रात्रीत मातीमोल.

त्या काळात माणसं जगली ती जमियांमुळे. जमिया म्हणजे प्रत्येक वस्तीचं सहकारी भांडार, आपल्या ग्राहक भांडारासारखं, पण वस्तीतल्या लोकांनी निवडलेल्या मंडळाचं. एरवी हमाल नि विक्रेते आपल्यासारखे परदेशीच. तेव्हा मात्र कुवेती तरुण स्वतः पोती उचलत होते, मोजून पीठ-तांदूळ देत होते. आमच्या जमियाच्या पोरांनी आम्हाला रांगेतून कधी परत पाठवलं नाही. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

मग बसने बसरा, बगदाद, आणि तिथून जॉर्डनची सरहद्द. तंबू, पाण्याच्या टँकरभोवती झोंबाझोंबी, लहान मुलं उलट्यांनी बेजार. अम्मानहून एअर इंडियाची विमानं सतत ये-जा करत होती. दोन महिन्यांत लाखाहून जास्त भारतीय त्या वाटेने परतले. मुंबईला उतरलो तेव्हा अंगावरचे कपडे तेवढे होते.

26 फेब्रुवारी 1991 ला कुवेत सुटलं. मी परत गेलो तेव्हा विहिरी जळत होत्या, सहाशेहून जास्त. भर दुपारी दिवे लावून गाडी चालवायची, शर्टावर काजळीचे थेंब. शेवटची विहीर विझली नोव्हेंबरात. बँकेतली जुनी ठेव मात्र त्यांनी नव्या नोटांत दिली आणि पुढे संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाकडून भरपाईही आली.

लोक विचारतात, पुन्हा का गेलात? दुकान तिथे होतं, गिऱ्हाईक तिथे होतं, आणि ज्यांनी पीठ दिलं ते लोक तिथे होते.

———

जन्म कुवेतचा, आता पुण्यात

माझं सगळं बालपण सालमियाचं. रमजानच्या मध्यावर गिरगियान असतो, मुलं गाणी म्हणत घरोघर जातात, ओंजळभर गोळ्या-चॉकलेटं मिळतात. आम्हीही जायचो. 25 आणि 26 फेब्रुवारीला, राष्ट्रीय दिन आणि मुक्तिदिनाला, गल्फ रोडवर पाण्याची धमाल असायची. राष्ट्रगीत मला आजही पाठ आहे.

तरी जन्माने तिथे काही मिळत नाही. बाबांचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, संपला तेव्हा आमचं कुटुंब निघालं. मी त्या देशावर रागावलेली नाही, पण माझं गाव कुठलं विचारलं तर मी सालमिया सांगते आणि तिथे जायला मला व्हिसा लागतो. हे योग्य आहे असं मला कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

———

अब्बासिया, कामगारांना मदत करणाऱ्या गटातून

वरचं बहुतेक लिखाण बऱ्या नोकरीतल्या लोकांचं आहे. आपले सगळ्यात जास्त लोक त्याखालच्या पायरीवर आहेत, म्हणून लिहितो.

इथे तुमचं राहणं मालकाच्या परवान्याला बांधलेलं असतं. खाजगी कंपनीचा व्हिसा कलम 18 चा, घरकामाचा कलम 20 चा. दोन्हींना लागू होणारे कायदेही वेगळे. घरकामगारांसाठी 2015 चा कायदा आहे: आठवड्याची सुट्टी, कामाचे तास, पासपोर्ट मालकाने ठेवायचा नाही. कागदावर चांगला आहे. पण बंद घरात काय चालतं ते बघायला कोण जातं? आमच्याकडे येणाऱ्या बायकांत पासपोर्ट हातात असलेली विरळाच.

12 जून 2024 ला मंगाफच्या एका इमारतीला पहाटे आग लागली. कामगार दाटीवाटीने झोपले होते. किमान पंचेचाळीस भारतीय गेले, महाराष्ट्रातलाही त्यात होता. त्यानंतर तपासण्या झाल्या, बेकायदा खोल्या पाडल्या. त्याआधी का नाही, हा प्रश्न मी तेव्हाही विचारला, आजही विचारतो.

येणाऱ्यांसाठी: घरकामाला किंवा मजुरीला येत असाल तर करार भारतातच ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर नोंदवून घ्या, प्रवासी भारतीय बीमा योजनेचा कागद जवळ ठेवा. व्हिसा 18 आहे की 20 ते विमानात बसण्याआधी बघा. एजंट दुकानातली नोकरी सांगतो आणि हातात 20 चा व्हिसा देतो, असं वारंवार होतं. सिव्हिल आयडी (कुवेतचं ओळखपत्र) मिळाला की ‘सहेल’ हे कुवेत सरकारचं ॲप उतरवून घ्या. मालकाने गैरहजर म्हणून तुमची तक्रार केली तर ती तिथे दिसते, आणि अशा वेळी उत्तर द्यायला फार थोडा अवधी असतो. पगार बँकेतूनच घ्या. अडचण आली तर आधी दूतावासात जा, पळून जाऊ नका. पळालेल्या माणसाची बाजू कायद्यात लगेच कमकुवत होते. अब्बासियात मराठी बोलणारे आम्ही आहोत, धाग्यावर विचारलंत तर उत्तर देईन.