मदत हवी आहे : डेबियन १२ वर आल्यापासून आवाज पूर्ण बंद

ध्वनिशोधक : डेबियन या लिनक्स प्रणालीच्या आवृत्ती ११ वरून १२ वर आल्यापासून आवाज अजिबात येत नाही. व्हिडिओ चालतो, आवाजाची पट्टी शंभर टक्क्यांवर आहे, परंतु सेटिंग्जमध्ये आउटपुट म्हणून केवळ ‘डमी आउटपुट’, म्हणजे नावापुरते उपकरण, दिसते. पुन्हा सुरू करणे, म्यूट तपासणे हे सारे करून झाले आहे. उद्या याच संगणकावरून ऑनलाइन वर्ग घ्यायचा असल्यामुळे कृपया थेट उपाय सांगावा.

टर्मिनलवाला : आवाज हाताळणारी पाइपवायर ही प्रणाली काढून टाका आणि तिच्या जागी पल्सऑडिओ बसवा. माझ्याकडे अनेक वर्षे तेच विनातक्रार चालू आहे.

कर्नलवाचक : हा सल्ला घाईचा वाटतो. पाइपवायर असो वा पल्सऑडिओ, दोन्ही अल्साच्या, म्हणजे कर्नलमधील (लिनक्सच्या गाभ्यातील) ध्वनियंत्रणेच्या, वर बसतात. खाली कर्नललाच साउंड कार्ड सापडले नसेल, तर वरचा थर बदलून काय साधणार? ध्वनिशोधक, साउंड कार्डांची यादी देणारी ‘एप्ले -एल’ ही आज्ञा काय दाखवते आणि लॅपटॉप कोणता आहे, हे आधी सांगा.

टर्मिनलवाला : अद्ययावत केल्यानंतरच बिघाड झाला असे ते स्वतः म्हणत आहेत, म्हणून मी ते सुचवले.

रेवा_८ : गाणे सुरू होताना ‘टक्’ असा आवाज येत असेल, तर एसएनडी_एचडीए_इंटेल या ध्वनी ड्रायव्हरचा पॉवर_सेव्ह (वीजबचत) शून्य करून पाहा, माझा त्रास त्यानेच गेला.

ध्वनिशोधक : टक् नाही, काहीच ऐकू येत नाही. एप्ले म्हणते, एकही साउंड कार्ड सापडले नाही. जुना लॅपटॉप बंद पडल्यामुळे त्याच आठवड्यात त्यातील डिस्क काढून नव्या, इंटेलच्या लॅपटॉपमध्ये बसवली आहे, परंतु बाकी सर्व व्यवस्थित चालत असल्याने ते लिहिले नव्हते.

कर्नलवाचक : हीच तर मुख्य गोष्ट आहे! ज्या नव्या लॅपटॉपांत डिजिटल मायक्रोफोन थेट इंटेलच्या ध्वनिप्रक्रिया चिपला जोडलेले असतात, तिथे सहसा सॉफ नावाचा ड्रायव्हर लागतो आणि त्याला स्वतंत्र फर्मवेअर, म्हणजे चिपमध्ये चालणारे सॉफ्टवेअर, हवे असते. जुन्या यंत्राला त्याची गरज नसावी, म्हणून ते तुमच्या डिस्कवर कधी आलेच नसणार. कर्नलचे संदेश दाखवणारी ‘सुडो डीमेसेज’ ही आज्ञा चालवून त्यात ‘सॉफ’ शोधा. फर्मवेअरच्या ओळीत उणे २ ही त्रुटी असेल, तर फाइल सापडत नाही असा तिचा अर्थ. डेबियन १२ मध्ये फर्मवेअरसाठी ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हा वेगळा विभाग केला आहे. सोर्सेस.लिस्ट या पॅकेजस्रोतांच्या फाइलमध्ये जुना ‘नॉन-फ्री’ असला तरी तो पुरत नाही; नवा विभाग जोडा, याद्या ताज्या करा, ‘फर्मवेअर-सॉफ-साइन्ड’ बसवा आणि मग संगणक पुन्हा सुरू करा.

ध्वनिशोधक : उणे २ हीच त्रुटी होती. आता स्पीकर आणि मायक्रोफोन दोन्ही चालू झाले, मनापासून आभार. मात्र मॉनिटर जोडल्यास आवाज एचडीएमआयकडे, म्हणजे मॉनिटरच्या जोडणीकडे, वळतो.

टर्मिनलवाला : पाइपवायरची ध्वनी उपकरणे दाखवणाऱ्या ‘डब्ल्यूपीसीटीएल स्टेटस’ या आज्ञेत स्पीकरसमोरचा क्रमांक पाहा आणि ‘डब्ल्यूपीसीटीएल सेट-डीफॉल्ट’पुढे तो द्या. पल्सऑडिओ बसवण्याची गरज नाही.