मदत हवी आहे: आई-बाबांना घेऊन लडाख, श्रीनगरकडून की मनालीकडून?

नमस्कार मंडळी. जूनअखेरीस आई-बाबांना लडाखला न्यायचंय. बाबांनी पासष्टी ओलांडलीय, बीपीची गोळी चालू. भर मे महिन्यात नव्या पेठेत खरेदी करणारी आम्ही सोलापुरी माणसं, उन्हाची भीती नाही, भीती उंचीची. सोलापूर जेमतेम साडेचारशे मीटरवर, लेह ३५००.

एजंट मनालीमार्गे चला म्हणतोय, मुक्काम सरचूला. पण सरचूच ४२०० मीटरच्या वर आणि पुढे तांगलांग ला (‘ला’ म्हणजे खिंड) ५३०० च्या वर! त्यापेक्षा श्रीनगरहून झोजी ला ओलांडून कारगिलला (साधारण २७०० मीटर) रात्र काढली तर शरीर हळूहळू रुळेल, असं माझं मत. पँगाँगला मुक्काम नकोच. नुब्रात हुंदरला राहू, ते लेहपेक्षा खाली आहे. वाटेत खारदुंग ला मात्र चुकत नाही. तिथे फार रेंगाळायचं नाही, हे आईला आत्ताच बजावलंय (तिला बर्फात फोटो हवेत).

ज्येष्ठांना घेऊन कोणी गेलंय का? श्रीनगर-लेह रस्ता कंबरेला कितपत सोसतो? बाबांना सल्फाची अ‍ॅलर्जी आहे, त्यामुळे डायमॉक्सचं (उंचीचा त्रास होऊ नये म्हणून घेतात ती गोळी) डॉक्टरांनाच विचारणार. जेवणाची काळजी नाही, शेंगाचटणी आणि कडक भाकरी सोबत आहे. लेहमध्ये ऑक्सिजन सिलिंडर भाड्याने सहज मिळतो का, तेवढं नक्की सांगा.