मदत हवी आहे: पहिल्या पिढीच्या माश्या अंडीच घालत नाहीत (तातडीचे)

कुतूहल: दीड महिना गेला. फळमाशीच्या दोन वाणांचा संकर केला, माश्या निघाल्या, दिसायला ठणठणीत. पण एक अंडं नाही! बाटल्या तीनदा बदलल्या. सोमवारी गाइडना दाखवायचंय. काय चुकतंय?

बाटलीबंद: खाद्य. बुरशी असणार. प्रोपिऑनिक ॲसिड वाढवा, ताजं यीस्ट टाका. माझ्याकडे अगदी हेच झालं होतं.

दुर्बीण: स्टॉक (वाण) कोणते? नर कुठला, मादी कुठली? तापमान? एवढं तरी सांगा.

आंबेवाला: फळमाशीला मिथाइल युजेनॉलचे सापळे लावा. नर अडकतात. आमच्या हापूसला दरवर्षी लावतो.

दुर्बीण: दादा, ती फळमाशी वेगळी. इथे ड्रोसोफिला, म्हणजे प्रयोगशाळेतली छोटी फळमाशी आहे, आणि ती वाढवायची आहे.

कुतूहल: नर हार्विच, मादी कॅन्टन-एस. २९ अंश. उलट्या संकरात मात्र अळ्याच अळ्या, खाद्य तेच.

दुर्बीण: हे आधी सांगायचं ना! पी एलिमेंट, म्हणजे जागा बदलत उड्या मारणारे डीएनएचे तुकडे. हार्विचमध्ये आहेत, कॅन्टन-एसमध्ये नाहीत. २,९०७ बेसचा तुकडा, त्यावरच ट्रान्सपोजेसचं जनुक. हे एन्झाइम तो तुकडा कापून दुसरीकडे चिकटवतं. हार्विच मादी अंड्यात पायआरएनए (असे तुकडे दाबणारे छोटे आरएनए) ठेवते, त्यामुळे पी गप्प राहतात. शुक्राणूतून पायआरएनए येत नाहीत. म्हणून बाप हार्विच आणि आई कॅन्टन-एस असली की उड्या सुरू, जननपेशींचा डीएनए तुटतो आणि अंडाशय खुरटतात. एक मादी डिसेक्ट करून (चिरून) बघ.

बाटलीबंद: डीएनए एवढा तुटतो तर माशी ठणठणीत कशी? पटत नाही. यीस्ट बदलून बघाच.

दुर्बीण: कारण ट्रान्सपोजेसचा तिसरा इंट्रॉन (जनुकाच्या संदेशातून कापून टाकायचा मधला भाग) फक्त जननपेशींत काढला जातो. बाकी शरीरात तो तसाच राहतो आणि अपुरं प्रथिन बनतं, ते उलट उड्या दाबतं.

मकाप्रेमी: उड्या मारणारी जनुकं आधी मक्यात सापडली! मॅक्लिंटॉकबाईंना १९८३ चं नोबेल त्याचंच. पण एक शंका, कापून चिकटवलं तर प्रती वाढतात कशा?

दुर्बीण: मागे राहिलेली फट बहुतेकदा सिस्टर क्रोमॅटिड (त्याच गुणसूत्राची जुळी प्रत) बघून भरली जाते. तिथे पी पुन्हा लिहिला जातो, म्हणजे जुना जागेवर आणि नवा दुसरीकडे.

कुतूहल: आत्ताच डिसेक्ट केली. अंडाशयाच्या जागी नुसते धागे.

दुर्बीण: मग झालं. आता खात्रीसाठी तोच संकर २१ अंशाला लाव, अंड्यापासूनच; गारव्यात वाढल्या तर अंडाशय बऱ्यापैकी टिकतात. वाढून झालेल्या माश्या गारव्यात ठेवून उपयोग नाही.

कुतूहल: सोमवारपर्यंत पिढी निघणार नाही. दोन्ही संकरांच्या अंडाशयांचे फोटो शेजारी ठेवून दाखवते.