मोडी खरेदीखतातील हात, तसू आणि बिघा यांचे फुटांत रूपांतर कसे करावे?

प्रश्न

पुणे जिल्ह्यातील आमच्या जुन्या घराचे शके 1731 मधील, म्हणजे इसवी सन 1809-10 च्या सुमाराचे, एक मोडी खरेदीखत मी जाणकारांकडून बाळबोधीत उतरवून घेतले आहे. त्यात घराची पूर्वपश्चिम लांबी 22 हात 6 तसू, आवारातील विहीर 4 परस खोल आणि गावाबाहेरील शेत 3 बिघे अशी मापे आहेत. जालावरील तक्ते परस्परांशी जुळत नाहीत. तसू कोठे एक इंच दिला आहे, कोठे सव्वा इंचाच्या जवळपास. मला वाटणीसाठी नव्हे, तर घराचा मूळ आराखडा काढण्यासाठी ही मापे फुटांत हवी आहेत. कोणता तक्ता प्रमाण मानावा?

उत्तर 1

माझ्या मते कोणताही एक तक्ता प्रमाण मानू नये. आपण ज्या तक्त्यांचा उल्लेख केला आहे, त्यांपैकी बरेचसे इंग्रजी अमदानीतील मुंबईच्या बाजारमापांवरून उतरलेले दिसतात. त्यांत 24 तसूंचा गज 27 इंचांचा आणि 16 तसूंचा हात 18 इंचांचा धरलेला असतो, त्यामुळे तसू 1.125 इंच येतो. मात्र हात सर्वत्र 16 तसूंचाच होता असे नाही. शिवकालीन जमीनमोजणीचे वर्णन करताना सभासदाच्या बखरीत हात 14 तसूंचा सांगितला आहे.

घराच्या बाबतीत याने फारसे बिघडत नाही. हात 18 इंचांचा ठेवून 16 तसूंच्या हिशेबाने आपली लांबी 33 फूट पावणेसात इंच होते आणि 14 तसूंच्या हिशेबाने 33 फूट पावणेआठ इंच. उलट, हातच 19.3 इंचांचा निघाला, तर तीच लांबी 36 फुटांवर जाते. तेव्हा हातात तसू किती यापेक्षा तो हात स्वतः किती लांब होता, हे आधी ठरवावे लागेल. घराचे जोते शिल्लक असेल, तर ते मोजावे आणि आलेल्या इंचांना सुमारे 22.4 ने भागावे. जे उत्तर येईल तो आपल्या खताचा हात, आणि कोणत्याही छापील तक्त्यापेक्षा तो अधिक विश्वासाचा आहे.

उत्तर 2

शेताविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण खरी गुंतागुंत तेथे आहे. बिघा हे क्षेत्र असले, तरी ते काठी या लांबीवर उभे आहे. काठी पाच हात पाच मुठींची. 20 चौरस काठ्यांचा एक पांड, 20 पांडांचा एक बिघा आणि 120 बिघ्यांचा एक चाहूर. बखरीत सबंध काठी 82 तसूंची दिली आहे आणि हा आकडा ताडून पाहण्याजोगा आहे. सहा मुठींचा हात धरला, तर काठी 35 मुठींची होते आणि 14 तसूंच्या हाताने त्या 35 मुठी 81⅔ तसू भरतात. म्हणजे 82 हा आकडा कारकुनाने सरळ पूर्णांकात घेतलेला दिसतो आणि आतले प्रमाण चोख आहे.

आता 18 इंचांच्या हाताने काठी 105 इंचांची, म्हणजे पावणेनऊ फुटांची होते आणि बिघा 30,625 चौरस फूट, अर्थात सुमारे 28 गुंठे. एकोणिसाव्या शतकातील मुंबई इलाख्याच्या तक्त्यांत मात्र काठी 9.4 फुटांची आहे, त्यामुळे बिघा साडेबत्तीस गुंठ्यांच्या घरात जातो. आपल्या तीन बिघ्यांत यामुळे जवळजवळ 13 गुंठ्यांचा फरक पडतो. शिवाय अनेक गावी चांगल्या जमिनीचा बिघा लहान आणि हलक्या जमिनीचा मोठा धरत असत, कारण सरकारला क्षेत्रापेक्षा साऱ्याशी कर्तव्य होते. अशा मापाचे दशांश चिन्हापुढे चार अंकांपर्यंत उत्तर देणारी संकेतस्थळे पाहिली की हसू येते.

1830 च्या दशकात इंदापुरापासून सुरू झालेल्या इंग्रजी मोजणीने हा घोळ मिटवला. तेथे 33 फुटांची साखळी, तिचे 16 आणे, एका चौरस साखळीचा गुंठा आणि 40 गुंठ्यांचा एकर. शेत त्याच चतुःसीमेने आजही ओळखता येत असेल, तर भूमी अभिलेख कार्यालयातून त्या गटाचे जुने टिपण मागवावे. त्यावर बांधांची लांबी साखळी-आण्यांत असते. आणा म्हणजे पावणेपंचवीस इंच, हे लक्षात ठेवले की पुढचे गणित सोपे आहे.

उत्तर 3

परस म्हणजे पुरुष. हात वर करून उभ्या असलेल्या माणसाची उंची. शुल्बसूत्रांतील पुरुष 120 अंगुळांचा, म्हणजे पाच हातांचा आहे. त्या हिशेबाने चार परस साधारण 30 फूट होतात. परस आणि वाव यांची गल्लत करू नये. वाव म्हणजे आडवे पसरलेल्या दोन हातांचे अंतर, आणि ते परसापेक्षा कमी भरते. विहिरीत गाळ साचलेला असेल, तर आजच्या खोलीवरून काहीही सिद्ध होणार नाही.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. पूर्वपश्चिम जोते शाबूत आहे. बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत ते 34 फूट 1 इंच भरले. म्हणजे हात सव्वाअठरा इंचांचा येतो. हाच हात शेतालाही लावला, तर तीन बिघे सुमारे 87 गुंठे होतात. हे योग्य ठरेल का?

उत्तर 2

घरासाठी योग्य, शेतासाठी नाही. घराचा हात खत लिहिणाऱ्या मंडळींनी स्थानिक गवंड्याच्या गजाने किंवा प्रत्यक्ष हाताने मोजलेला असू शकतो, तर शेताचा बिघा बहुधा त्याआधीच्या सरकारी मोजणीतून आलेला असतो. दोन्हींचा हात एकच होता, असे गृहीत धरण्यास आधार नाही. दुसरे असे की, जोते भिंतीच्या बाहेर चार-सहा बोटे पुढे काढण्याची पद्धत आहे. खतातील लांबी जोत्याची आहे की भिंतीची, हे मूळ मजकुरात पाहावे. दोन्ही बाजूंना मिळून सहा इंच जरी वगळावे लागले, तरी आपला हात 18 इंचांवर येतो.