मदत हवी आहे: ब्रॉन्को रॅप्टर की बॅडलँड्स?

नमस्कार. आम्ही कोलोरॅडोत राहतो आणि निदान 12 वर्षे वापरायची या हिशेबाने फोर्ड ब्रॉन्को ही खडतर वाटांवर चालणारी गाडी घेणार आहोत; तिच्या रॅप्टर आणि बॅडलँड्स या आवृत्त्यांपैकी कोणती घ्यावी, हे ठरत नाही. रॅप्टरचे 3.0 लिटरचे ट्विन-टर्बो व्ही6 इंजिन 418 हॉर्सपॉवर देते, आणि तिचे फॉक्स कंपनीचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर व 37 इंची टायर मोकळ्या वाळवंटातील वेगासाठीच आहेत. परंतु ती साध्या ब्रॉन्कोपेक्षा जवळजवळ 10 इंच रुंद असल्यामुळे, सॅन वॉन पर्वतातल्या अरुंद घाटवाटांवर समोरून दुसरी गाडी आली तर काय करायचे, याची मला खरोखर धास्ती वाटते. आमची भटकंती बहुतांशी तिथलीच, आणि पुढचे-मागचे डिफरेन्शियल लॉक (डावे-उजवे चाक एकाच वेगाने फिरवून गाडी अडकू न देणारी सोय) तर बॅडलँड्समध्येही आहेत. रॅप्टर दोन-तीन वर्षे वापरलेल्यांनी टायर, शॉक आणि पेट्रोल यांचा प्रत्यक्ष खर्च कृपया सांगावा.